आधी खिडकी, मग कुंडी

धामणगाव या नावाची गावे आमच्या वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. अचलपूरच्या बाजूस धामणगाव गढी आहे, बुलढाण्याकडे धामणगाव बढे आहे, आणि मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला त्या मार्गावर जे धामणगाव पडले, त्याच्या नावाशी 'रेल्वे' हा शब्द कायमचा जोडला गेला. यवतमाळच्या मुलखात जाणाऱ्याने येथे उतरावे, तिकडच्या कपाशीच्या गाठींची रवानगी येथून व्हावी, आणि मुंबईकडचा नवा जिन्नस प्रथम येथल्या बाजारात दिसावा, असा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अलीकडे या जिनसांत घरात ठेवावयाच्या शोभेच्या झाडांची भर पडली आहे. आंध्रातील राजमहेंद्रीजवळचे कडियम आणि आपल्याकडील पुण्याचा परिसर येथल्या रोपवाटिकांतून ही रोपे मालमोटारींत दाटीवाटीने उभी राहून वऱ्हाडात येतात, रस्त्याच्या कडेला त्यांची हिरवीगार मांडामांड होते, आणि नुकतीच वास्तुशांत झालेली किंवा दिवाळीला पुण्याहून मुलगा-सून यावयाची म्हणून बैठकीची खोली सजवू पाहणारी मंडळी त्यांतली दोन-चार रोपे मोठ्या हौसेने घरी नेतात. दीड-दोन महिन्यांनी त्याच कुंड्या रित्या होऊन सांदवाडीत पडलेल्या दिसतात, आणि घरची माणसे खिन्न होऊन 'आमच्या हातचं झाड जगत नाही' असा निवाडा स्वतःविरुद्ध देऊन मोकळी होतात.

हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो, आणि तो फिरवावा या एकाच हेतूने मी हे लिहावयास बसलो आहे. ज्या घरातील माणसांनी कोरडवाहू रानात कपाशी आणि तूर पिकवली, त्यांच्या हातात गुण नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. उणीव असलीच तर ती निवडीत असते. आपण रोप पाहून रोप घेतो, घर पाहून घेत नाही. मुलीला स्थळ पाहताना जी चौकशी आपण करतो तिचा शतांशही आपण त्या रोपाच्या बाबतीत करीत नाही; ते कोठल्या मुलखातले, त्याला उजेड किती लागतो, तहान किती, आणि आपल्या घरात यांपैकी काय उपलब्ध आहे, याची विचारपूस न होताच त्याची पाठवणी होते.

गेल्या श्रावणात शेजारच्या घरून मला बोलावणे आले. बैठकीच्या खोलीत, दिवाणाच्या कोपऱ्यात, जेथे भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही अशा जागी, अरेका पामची एक देखणी कुंडी होती. तिची खालची पाने पिवळी पडून गळाली होती आणि वरचा कोंब काळवंडला होता. "काकाजी, पानी तर मी रोजच देतो, एक दिवस बी चुकवत नाही, तरी बी हे जळूनच रायलं," असे त्या घरच्या वहिनी फार हळहळून म्हणाल्या. मी कुंडी आडवी करून तिच्या बुडाशी थाप दिली तेव्हा मातीचा अख्खा गोळा हातात आला. बाहेरून आपली काळी माती होती; तिच्या पोटात, रोपवाटिकेतून आलेला लाल चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा होता; आणि दोहोंच्या सांध्यात साचलेल्या पाण्याला तुंबलेल्या गटाराचा वास येत होता. एक मूळ दोन बोटांत धरून ओढले तर वरची साल मोजा निघावा तशी सुटून आली आणि आत केसाएवढा धागा तेवढा राहिला. झाड जळाले नव्हते, बुडाले होते. रोजचा तो तांब्याभर पाण्याचा नेम, जो वहिनींनी अत्यंत मायेने पाळला होता, तोच त्याच्या मुळावर आला होता.

येथे जे घडते त्याचे कारण एकदा नीट समजून घेतले म्हणजे पुढची निम्मी खबरदारी आपोआप घेतली जाते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ती हवा त्यांना मिळते. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नसल्यामुळे, भोवती पाणी असूनही, पाने माना टाकतात. मालकाला वाटते झाड तहानले आहे. तो आणखी पाणी घालतो. त्यातून घराच्या आतल्या झाडाची तहान मुळातच थोडी असते, कारण उजेड कमी म्हणजे पानांचे अन्न तयार करण्याचे काम कमी, आणि काम कमी म्हणजे पाण्याचा खप कमी. बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असतो, आपला स्वतःचा घसा कोरडा पडतो, आणि त्याच मापाने आपण खोलीतल्या झाडाची तहान मोजतो. वऱ्हाडात घरातील झाडे उन्हाने मरतात त्याहून अधिक या मापाच्या चुकीने मरतात.

सबब रोप विकत घेण्यापूर्वी एक दिवस घर पाहण्यात घालवावा. पूर्वेची खिडकी सर्वांत भाग्याची. सकाळचे कोवळे ऊन तासदोन तास आत यावे आणि दिवसभर नुसता उजेड राहावा, हे बहुतेक झाडांना मानवते. उत्तरेच्या खिडकीत ऊन थोडे, पण उजेड एकसारखा आणि शांत असतो. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात ऊन आत ओढते, ते त्या ऋतूत हितकारक ठरते. पश्चिमेच्या खिडकीविषयी मात्र ताकीद द्यावीशी वाटते, कारण मार्च ते जूनच्या आरंभापर्यंत तिच्या काचेला आणि गजांना दुपारी हात लावता येत नाही, आणि तिला टेकून ठेवलेल्या कोवळ्या पानाला भाजल्याचे तपकिरी डाग हमखास पडतात. आमच्या घरांत आणखी एक अडचण असते, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही: होळी झाली की घरातली सर्वांत चांगली खिडकी कूलर अडवतो, आणि तेथे हिवाळाभर सुखाने वाढलेल्या कुंडीला ऐन उन्हाळ्यात दुसरी जागा शोधावी लागते. तेव्हा जागा निवडताना ती बाराही महिने मोकळी राहणारी आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे. कूलरची ओलसर हवा खोलीत खेळती असणे झाडांना मानवते, परंतु तिचा थेट झोत अंगावर आला तर पाने फाटतात.

उजेड मोजण्यास यंत्राची गरज नाही. दुपारी बाराच्या सुमारास, ज्या ठिकाणी कुंडी ठेवावयाची त्या ठिकाणी एक पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर अंतरावरून हात धरावा. बोटे वेगवेगळी मोजता येतील अशी ठळक सावली पडली तर उजेड भरपूर आहे. हाताचा आकार तेवढा अंधुक उमटला तर मध्यम आहे. आणि सावली पडलीच नाही तर त्या जागी कोणतेही झाड कायमचे राहणार नाही, विक्रेता काहीही सांगो. अशी जागा रिकामी ठेवण्यात कमीपणा नाही.

आता झाडांकडे वळतो. नवशिक्याने पहिले रोप कोणते घ्यावे असे मला कोणी विचारले तर मी क्षणभरही न थांबता स्नेक प्लांटचे नाव घेतो. तलवारीसारखी उभी, जाड, हिरव्या पट्ट्यांवर करड्या लाटा असलेली आणि पुष्कळदा पिवळ्या काठांची अशी ही पाने आपण बँकांत आणि दवाखान्यांत पाहिलेली असतात. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. परंतु त्याच्याच जवळच्या नात्यातली एक जात आपल्या देशात धाग्यासाठी पुरातन काळापासून परिचित आहे, आणि क्षत्रिय बटूची मेखला ज्या मूर्वेच्या तंतूंची असावी असे स्मृतिकारांनी सांगितले ती मूर्वा म्हणजे हीच जात, असे अनेक जाणकार मानतात. या झाडाच्या अंगी असलेला गुण वऱ्हाडच्या माणसाला चटकन पटेल असा आहे. आपण वैशाखात सकाळी नऊ वाजता दारे-खिडक्या लावून घेतो, पडदे ओढतो, आणि सूर्य मावळल्यावर घर उघडून गार हवा आत घेतो. हे झाडही दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे दुपारच्या झळीत त्याच्या पानांतले पाणी उडून जात नाही. जाड पानांत आणि जमिनीखालच्या आडव्या खोडात त्याने पाण्याची तरतूद केलेली असते. उन्हाळ्यात दहाबारा दिवसांनी, पावसाळ्यात वीस दिवसांनी आणि थंडीत महिन्यातून एकदा पाणी मिळाले तरी ते तक्रार करीत नाही. मध्यम उजेडात वर्षानुवर्षे राहते. आणि पश्चिमेच्या खोलीतही, काचेपासून दोन हात दूर ठेवल्यास, तग धरते. त्याच्या मुळांचा जोर मात्र विलक्षण असतो. मी स्वतः पाहिलेली एक प्लॅस्टिकची कुंडी त्याने आतून फुगवून उभी चिरली होती. तसे झाले म्हणजे घाबरून न जाता गड्डे वेगळे करावेत आणि एकाच्या तीन कुंड्या कराव्यात. पानाचे तुकडे मातीत खोचूनही नवे रोप होते, फक्त त्याला काही महिने लागतात, आणि पिवळ्या काठाच्या जातीचे रोप पानापासून केले तर तो काठ उतरत नाही, साधे हिरवे झाड निघते.

दुसरे नाव झेडझेडचे. पूर्व आफ्रिकेतल्या, लांब कोरड्या ऋतूच्या प्रदेशातले हे झाड हॉलंडमधल्या रोपवाटिकांनी १९९६च्या सुमारास व्यापारी प्रमाणावर वाढवावयास घेतले, आणि तेव्हापासून ते जगभर पसरले. तेल लावल्यासारखी तुकतुकीत पाने असलेल्या त्याच्या दांड्या मातीतून थेट वर येतात. माती उकरून पाहिली तर त्यांच्या तळाशी रताळ्या-बटाट्यासारखे कंद सापडतात, आणि तीच त्याची पाण्याची कोठी. ज्या घरी दोघेही नोकरीनिमित्त सकाळची गाडी पकडून बडनेऱ्याकडे किंवा वर्ध्याकडे जातात आणि अंधार पडल्यावर परततात, त्या घरासाठी याहून योग्य झाड मला ठाऊक नाही. त्याची वाढ मंद आहे, वर्षातून चार-पाच दांड्या आल्या तरी समाधान मानावे. नवी दांडी आधी पोपटी, वळलेल्या अणकुचीदार टोकासारखी वर येते आणि मग आठवडाभरात तिची पाने उलगडतात, तो काळ मुलांना दाखवण्यासारखा असतो. दांडी पिवळी पडून मऊ झाली तर पाणी जास्त झाले असे समजावे, आणि कंद दाबून पाहावा. घट्ट असेल तर झाड वाचते.

मनी प्लांट आपल्याकडे इतका रुळला आहे की तो परका आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. वस्तुतः त्याचे मूळ घर ताहितीजवळच्या मूरेआ नावाच्या लहानशा बेटावर आहे. तो चोरून आणावा म्हणजे भरभराट होते ही समजूत सर्वत्र आहे, परंतु शेजाऱ्याकडे उघडपणे मागितल्यास कोणी नाही म्हणत नाही, आणि सोबत त्याची माहितीही मिळते. फांदी तोडताना तीत निदान दोन पेरे हवीत. पेराशी जो तपकिरी उंचवटा असतो तेथूनच मूळ फुटते, नुसत्या देठासह पान पाण्यात ठेवल्यास ते हिरवे राहील पण वाढणार नाही. पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पाने उजेड कमी पडला की हळूहळू निव्वळ हिरवी होतात, तेव्हा तीच आपल्यासाठी उजेडाची पावती समजावी. येथे एक गंभीर सूचना. बाटलीत वाढवलेल्या मनी प्लांटचे पाणी आठवड्याच्या आत बदललेच पाहिजे आणि बाटली आतून घासून धुतली पाहिजे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो, त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास उबदार दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. हीच गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची आणि कूलरच्या टाकीची. आठवड्याचा एक दिवस ठरवून ही तिन्ही पाणी एकदमच ओतून टाकावीत.

ज्यांच्या घराला सकाळचे ऊन मिळणारी ओसरी, गॅलरी किंवा खिडकीची जाळी आहे, त्यांनी परदेशी रोपांमागे लागण्यापूर्वी आजीच्या वेळच्या तीन झाडांचा विचार करावा. कोरफड तर कोणाच्याही परसात आहे. तिला ऊन हवे आणि पाणी नको, आणि अति प्रखर उन्हात तिची पाने तांबूस झाली तर थोडी सावली दिली की ती पुन्हा हिरवी होतात. पानओव्याची फांदी मोडून मातीत खोचली की महिन्याभरात झुडूप होते, आणि पावसाळी संध्याकाळी त्याच्या पानांची भजी होतात ती वेगळीच. पानफुटीचे पान तर ओल्या मातीवर नुसते पडले तरी त्याच्या काठाच्या खाचांतून इवली इवली रोपे मुळांसकट उभी राहतात. जर्मन कवी गटे हा या झाडाच्या मोहात पडला होता आणि त्याची पाने मित्रांना भेट म्हणून पाठवीत असे. लहान मुलाच्या हाती पहिले झाड द्यावयाचे तर पानफुटी द्यावी. तिचे फळ डोळ्यांना लवकर दिसते.

तुळशीविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण सदनिकेत राहावयास गेलेली पुष्कळ मंडळी ती देवघराशेजारी, खोलीच्या आत ठेवतात आणि ती वाळली की मनाला लावून घेतात. तुळस उन्हाची आहे. वृंदावन अंगणात बांधण्याचा आपला जुना दस्तूर झाडाच्या प्रकृतीला धरूनच होता. तिला गच्चीवर किंवा गॅलरीत निदान चार-पाच तासांचे ऊन द्यावे, नाहीतर आत तिचा हट्ट धरू नये.

आणि काही झाडे पहिल्या वर्षी सर्वस्वी टाळावीत. अरेका पाम, नाना जातींची नेची, रंगीत नक्षीच्या पानांची कॅलॅथिया, ही सगळी दमट अरण्यांच्या सावलीतली लेकरे आहेत. कोकणात ती दारात वाढतील, परंतु आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवेतला ओलावा इतका उतरतो की त्यांच्या पानांची टोके कागदासारखी कुरकुरीत होतात, आणि कितीही पाणी फवारले तरी तो उपाय अर्ध्या तासाचा ठरतो. डिफेनबेकिया घरात रांगते मूल असताना आणू नये. तिच्या पानादेठात सुईसारखे तीक्ष्ण सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते तोंडात गेल्यास जीभ व घसा सुजतो. मनी प्लांट आणि झेडझेड यांतही तसे स्फटिक असतात, म्हणून त्यांना मुलांच्या, मांजरांच्या आणि दारातल्या शेळीच्या तोंडापासून उंचावर ठेवावे. त्या दृष्टीने निर्धोक झाड हवे असेल तर स्पायडर प्लांट घ्यावा. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गवतासारखा दिसणारा हा पाहुणा दक्षिण आफ्रिकेचा असला तरी आपल्या सफेद मुसळीच्या कुळातला आहे, आणि मुसळीप्रमाणेच त्याची मुळे मांसल असतात. त्याची एकच तक्रार असते, ती पाण्याच्या गुणाबद्दल.

पाण्याच्या त्या गुणाकडे आमच्या भागात लक्ष द्यावेच लागते. बोअरच्या पाण्यात क्षार बरेच असतात; स्वयंपाकघरातल्या भांड्यावर आणि माठाच्या बाहेरच्या अंगावर जो पांढरा थर बसतो तोच कुंडीच्या काठावरही बसतो, आणि स्पायडर प्लांटची टोके त्यानेच तपकिरी होतात. नळाचे पाणी मिळत असेल तर ते द्यावे. पावसाळ्यात टिनाच्या किंवा कवेलूच्या छपरावरून गळणारे पाणी, पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ देऊन, झाकणाच्या पिंपात धरून ठेवावे. तेवढ्या साठ्यावर चार-सहा कुंड्यांचे पुष्कळ दिवस निभतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे फाजील पाणी बाहेर पडते ते झाडांना घालण्याची काटकसर मात्र करू नये. त्यात मूळच्या पाण्यापेक्षाही क्षार अधिक असतात, आणि ते फरशी पुसण्यासच योग्य.

मातीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. आपली काळी माती ही आपली लक्ष्मी आहे, कपाशीला तिच्यासारखी माती नाही, परंतु कुंडीत ती एकटी घालू नये. ओली झाली की ती फुगून घट्ट होते आणि हवा कोंडते. वाळली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरून ताटलीत येते, तर मधला गोळा कोरडा तो कोरडाच. पाहणाऱ्याला मात्र वाटते की पाणी पुरेपूर झाले. म्हणून एक घमेले काळी किंवा गाळाची माती, एक घमेले दोन पावसाळे कुजलेले शेणखत आणि एक घमेले नदीची जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असे मिश्रण करावे. स्नेक प्लांट, झेडझेड आणि कोरफड यांच्यासाठी वाळूचा भाग दुप्पट घ्यावा. कच्चे शेणखत आणि सरकीची ढेप घरातल्या कुंडीत नको. वास येतो, माश्या येतात. कुंडी मातीची, बुडाला छिद्र असलेली, आणि मुळांच्या गोळ्यापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटे मोठी असावी. लहान रोपाला मोठी कुंडी देणे हे त्याला ओल्या अंथरुणात झोपवण्यासारखे आहे, कारण जेथवर मुळे पोचत नाहीत तेथवरची माती सुकतच नाही. रोपवाटिकेतून आलेला लाल मातीचा गोळा बादलीभर पाण्यात तासभर ठेवून, अंगठ्याने हलकेच मोकळा करून, मगच नव्या मातीत बसवावा. शेजारच्या वहिनींच्या कुंडीत नेमके एवढेच राहून गेले होते.

पाणी केव्हा द्यावे याचे उत्तर तारखेत शोधू नये. निंबाची एक वाळलेली काडी, वीतभर लांबीची, कुंडीजवळ ठेवावी. ती कडेने खोल खोचून दहा मिनिटांनी काढावी, आणि तिला ओलसर माती चिकटली असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. काही आठवड्यांनी काडीचीही गरज उरत नाही, कारण कुंडी नुसती उचलून तिच्या वजनावरून अंदाज येऊ लागतो. द्यावयाचे तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत द्यावे, निथळलेले पाणी ओतून टाकावे, आणि पुन्हा माती सुकेपर्यंत विसरून जावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय सर्वांत घातक, तिने वर चिखल राहतो आणि तळ कोरडा.

आमच्या गावाला जिनिंग-प्रेसिंगच्या हंगामाची एक खास देणगी असते: दिवाळीपासून पुढे काही महिने कापसाचे बारीक तंतू आणि धूळ हवेत तरंगत असते, आणि ती पानांवर बसते. पंधरवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने, एका हाताचा तळवा पानाखाली धरून, पाने पुसावीत. त्या निमित्ताने पानाची खालची बाजू डोळ्यांखालून जाते आणि पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके वेळीच दिसतात. कपाशीवर ही कीड पाहिलेल्या शेतकऱ्याला तिची ओळख करून देण्याची गरज नाही. एखाद-दुसरा पुंजका असेल तर कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून घ्यावा. जास्त असल्यास शेतात वापरतो तोच पाच टक्के निंबोळी अर्क करावा, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, आणि कुंडी बाहेर सावलीत नेऊन फवारावा.

विक्रेते आणि काही हौशी मंडळी सांगतात की ही झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात आणि स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडतो. याचा उगम बहुतांशी नासा या अमेरिकी अंतराळसंस्थेच्या १९८९ सालच्या एका अहवालात आहे. परंतु ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. पुढे अनेक दशकांतल्या अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१९ साली मांडला गेला, तेव्हा असे दिसले की दारे-खिडक्यांतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करावयाची तर प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर दहापासून हजारपर्यंत झाडे ठेवावी लागतील. आणि प्राणवायू तर प्रत्येक हिरवे झाड उजेडातच निर्माण करते. स्नेक प्लांट रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड आत घेतो एवढेच. झाड घरात असावे ते दुपारी डोळ्यांना गारवा वाटतो म्हणून, आणि नवे पान उलगडताना पाहण्यासारखे सुख घरबसल्या दुसरे थोडे म्हणून. ही कारणे मला पुरेशी वाटतात; त्यांवर आणखी औषधी गुणांचा भार घालण्याचे प्रयोजन नाही.

खरेदीचा मोसमही पाहावा. एप्रिल-मे महिन्यांत रोप मुळीच घेऊ नये. हिरव्या जाळीखाली, दिवसातून तीनदा पाणी खाऊन वाढलेले रोप उघड्या गाडीतून आपल्या झळीत उतरले की पहिल्या आठवड्यातच खचते. मृग लागून पाऊस स्थिरावला, हवा ओलसर झाली, म्हणजे आषाढ-श्रावणात घ्यावे. त्याला नव्या घराशी ओळख करून घेण्यास हिवाळ्यापर्यंत चार-पाच महिने मिळतात. घेताना फुलांकडे न पाहता बुडाकडे पाहावे: खोड डुगडुगत नाही ना, मातीला आंबूस वास नाही ना, पानांच्या बेचक्यांत पांढरे काही नाही ना. घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नये, दोन आठवडे आहे त्याच पिशवीत, ठरवलेल्या जागी राहू द्यावे. या मुदतीत दोन-चार खालची पाने गळाली तर मनास लावून घेऊ नये. आणि एका वेळी एकच रोप घ्यावे. ते एक वर्ष, म्हणजे एक पूर्ण उन्हाळा, सोबत राहिले की दुसरे.

राहिला प्रश्न उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर घर बंद राहते त्याचा. निघण्याच्या आदल्या दिवशी स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना भरपूर पाणी देऊन, निथळू देऊन, खिडकीपासून दूर, पण पूर्ण अंधार नसेल अशा जागी, शक्यतो घराच्या मधल्या खोलीत, फरशीवर जवळजवळ ठेवावे. फरशी भिंतीपेक्षा गार असते. मनी प्लांटची बाटली शेजारी नेऊन द्यावी. परतल्यावर कुलूप काढून पहिल्याच दमात कुंड्यांवर घागरभर पाणी ओतण्याचा मोह होतो, तो आवरावा, आधी निंबाची काडी खोचून पाहावी. शेजारच्या वहिनींनी अरेकाच्या रिकाम्या कुंडीत गेल्या भाद्रपदात झेडझेड लावले, यंदा मे महिन्यात त्या तीन आठवडे माहेरी जाऊन आल्या, आणि आल्या त्या सायंकाळी मला हाक मारून बोलावले तेव्हा मातीतून दोन बोटे उंचीचे पोपटी टोक वर आलेले होते. काडी त्यांनी आधीच खोचून पाहिली होती, आणि पाण्याचा तांब्या भरलेला तसाच ओट्यावर ठेवला होता.